पोकळ स्क्रू

आमच्या शेजारच्या लेथवाल्या चाचांनी लातुरातल्या एकाही वस्तूवर ती हलवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. घरी आले की आधी खुर्ची गदागदा हलवत, मग बसत. चहा पिण्याआधी कपाचा कान ओढून बघत. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवून पाहिला, तर जेवती पंगत ताटावरून उठली. भूकंपात गावाकडचं घर बसलं तेव्हापासून हे लागलं, असं चाची सांगायच्या. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच, कारण मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, आणि त्या दिवसांत लातुरात फिजिक्सच्या सरांना आपलं काही चुकेल असं वाटतच नसे.

चाचा लेथवर नांदेडच्या एका हाडांच्या डॉक्टरांची अवजारं दुरुस्त करून देत. लहान मुलांचे वाकडे पाय सरळ झाले की काढलेल्या पट्ट्या आणि स्क्रू डॉक्टर त्यांना देऊन टाकत. ते सगळं बिस्किटांच्या डब्यात जपलेलं असे. कोणता स्क्रू किती वाकला, हे ते नातवंडांच्या खोड्या सांगाव्यात तसं सांगत.

माझी मुलगी दहा वर्षांची, अंगानं भरलेली. गुडघे आत वळलेले, चालताना एकमेकांवर घासायचे. त्याच डॉक्टरांनी गुडघ्यांना आतल्या बाजूनं पट्ट्या आणि स्क्रू बसवायचं ठरवलं. आतली बाजू धरून ठेवली की बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. हे कळताच चाचा डबा घेऊन थेट माझ्या वर्गाच्या दारात.

"सर, स्क्रू पोकळ घालून राहिलेत. पोरगी वजनदार हाय. डॉक्टरला भरीव मागा."

दोनशे पोरं बघत होती. मी खडू उचलला आणि पोकळ नळी भरीव दांड्यापेक्षा मजबूत असते, हे फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. टाळ्या पडल्या. चाचा डबा बंद करून निघून गेले. ते गणित सारख्या वजनाच्या दांड्यांचं असतं. सारख्या जाडीचे घेतले तर पोकळच आधी मोडतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण टाळ्या पडत होत्या. डॉक्टरांना मी काहीच विचारलं नाही.

आठ महिन्यांनी एक स्क्रू हाडातच मोडला. लेकीला पुन्हा ऑपरेशन. चाचा एसटीनं नांदेडला आले, आधी तिचा पलंग हलवून पाहिला. ती खुदकन हसली. मग मला व्हरांड्यात घेऊन गेले. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"आता भरीव घातलेत, मी इचारलं. पण क्लासातल्या पोरायला खरं सांगा, सर. त्यातलंच एखादं उद्या हाडाचा डॉक्टर व्हईल."

परत आल्यावर वर्गात उभा राहिलो, खडू हातात घेतला आणि पुढचा धडा सुरू केला.

मुलगी आता सरळ चालते. त्या बॅचमधले कितीतरी जण डॉक्टर झाले. चाचा गेल्यावर चाचींनी तो डबा मला आणून दिला, पण तो उघडायची अजून लाज वाटते. कारण नांदेडहून आल्यावर आठवड्यानं चाचा घरी आले होते. पोरांना सांगितलं का, एवढंच त्यांनी विचारलं. सांगितलं, म्हणालो. "लई बेस केलं, सर," म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर न हलवताच बसले.