तीन की आठ

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत घरच्या घरी लोखंड-लाकडाचं काम करणारे आम्ही सात-आठ म्हातारे दर बुधवारी चहाला जमतो. जे केलं ते टेबलावर मांडायचं. बिघडलेलंही, खऱ्या कारणासकट, हा आमचा नियम.

क्लॅरी ट्रेगेन्झाने सारी हयात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, घालवली. निवृत्तीनंतर तो गॅरेजमध्ये छोटं वाफेचं इंजिन बनवत होता. त्याची नजर अधू होत चालली, तेव्हा बायकोने, युनाने, त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की लेथच्या चकतीवरचा आकडा दिसेनासा झाला की लेथ विकायचं.

त्या बुधवारी त्याने तिसरा सिलिंडर मांडला. आधीच्या दोन सिलिंडरांसारखंच याचंही भोक मापापेक्षा मोठं झालं होतं. त्याच्याबरोबर आलेली युना बशा लावत होती.

"काय रे, याही वेळी पितळच वाईट?" आमच्यातला डेस हसला. "चल, दुकानदाराची गचांडी धरू."

"पितळच," क्लॅरी म्हणाला.

"आकडा किती ठेवला होतास?"

क्लॅरीने सिलिंडर नाकाशी नेला आणि भोकाची कड बोटाने चाचपत राहिला.

"पितळ चांगलं आहे, डेस," तो शेवटी म्हणाला. "तिन्ही वेळा चांगलंच होतं. आकडा तीन होता की आठ, ते मला दिसलं नाही."

युनाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"एवढं इंजिन पुरं होऊ दे गं," तो तिला म्हणाला. "मग विकून टाक लेथ."

तिने सिलिंडर आपल्या पिशवीत ठेवला, क्लॅरीचा दंड धरला आणि दारापाशी हळूच सांगितलं, "पायरी आहे."