सरोजाच्या डाव्या हाताची सुरी

मंडळी, आज आमच्या मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या घरी घडलेलं लगेच लिहून मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

तुटक्या करवतीच्या पात्यांपासून सुऱ्या घडवायचा माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. या खेपेची सुरी बायकोसाठी होती. मुठीसाठी दोन लाकडं आणली होती, काळ्या रेघांचं शिसवी आणि पिवळंधमक फणसाचं.

सरोजानं फणसाचं उचललं. "हळदीसारखं दिसतंय," म्हणाली आणि तुकडा मुठीत धरून भाजी चिरल्यासारखा हात हलवून पाहिला. हात डावा होता!

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू डावखुरी आहेस?"

ती दचकली. "लहानपणी अम्मानं सवय मोडली. चिरताना उजवा हात अजून अडखळतो."

तिच्या बोटांना सारख्या चिंध्या का बांधलेल्या असतात, ते आज कळलं.

मी मुठीच्या खाचा डाव्या हाताच्या मापानं कोरल्या. दुपारी ती वांगी चिरायला बसली. माझी आई स्टोव्हला पंप मारत बघत होती.

"डाव्या हातानं चिरलेलं देवाला चालत नाही गं."

सरोजा थांबली. मला वाटलं, आता सुरी खाली ठेवणार.

"मग नैवेद्याचं उजव्यानं चिरते, आई. आपलं डाव्यानं."

आईनं लाल भोपळा पुढे सरकवला.

"हाही चिर. माझ्यानं होत नाही."

मंडळी, तुमच्या घरी कोणी असा हात लपवून वावरतंय का? एकदा विचारून पाहाल?