निसटायचं बटण

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, दुकानात कोणाशी वाजलं तेही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

ऐकायला फालतू वाटेल. दोन मित्र, एक गेम, आणि त्यात खेळलेला रडीचा डाव. एवढंच असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं.

मी पालघरला मोबाइल दुरुस्त करतो. छोटं दुकान आहे. कल्पेश उमरोळीचा, बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर होता. शाळेपासूनची दोस्ती. पण गावात त्याची ओळख कारखान्याची नव्हती — तो बेंजो वाजवायचा. हळद असो, वरात असो, उमरोळीपासून शिरगावपर्यंत त्याच्या बेंजो पार्टीला बोलावणं असायचं. डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून अशी पळायची की नाचणारी माणसं थांबून बघत राहायची.

सुट्टीच्या दुपारी तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही टीव्हीला गेम लावून बसायचो. गेम म्हणजे निव्वळ गोंधळ. एक गोल आखाडा, त्यात दोघं जण. जमीन मध्येच फुटते, वरून बॉम्ब पडतात, करवती फिरत येतात, एकदा तर आभाळातून अख्खी म्हैस पडली. समोरच्याला आखाड्याबाहेर ढकलायचं, बाकी नियम नाही. मी चिलखतवाला गडी घ्यायचो, कल्पेश एक जाडा बेडूक. आणि तो बेडूक मला दर वेळी ढकलायचा.

दर वेळी म्हणजे — तुम्हाला कसं सांगू? मी दुकान बंद करून सराव करायचो. लोक कसे खेळतात त्याचे व्हिडिओ बघायचो. कल्पेशच्या घरी गेमच नव्हता. तो यायचा, मांडीवर वेफर्सचं पाकीट ठेवायचा, फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता मला उडवायचा. आणि हसायचा. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मग मशीनमध्ये त्याचा हात सापडला. डावा. अंगठ्याजवळचं पहिलं बोट आणि त्याच्या शेजारचं. दवाखान्यात त्याच्या आईजवळ मीच बसून होतो, डबा मीच नेत होतो. हे माझी बाजू मांडायला सांगत नाही. उलट — ज्या माणसाने हे केलं, त्यानेच पुढचंही केलं, हे तुम्हाला कळावं म्हणून.

बोटं वाचली. हलवत राहा, वापराल तितकी सुटतील, असं डॉक्टर म्हणाले. टाके निघाले आणि पहिल्याच सुट्टीला कल्पेश माझ्या दारात.

"बेंजोला हात लावायला भीती वाटते रे," तो म्हणाला. "आधी गेमवर बघू. हितं चाललं तर तिथं पन चालेल."

म्हणजे माझ्या घरचा गेम ही त्याच्या बोटाची परीक्षा होती. हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

आता खरं सांगतो — मला वाटलं होतं, आता तरी मी जिंकेन. कसला विचार हा? मित्राचा हात चेचला गेलाय, आणि माझ्या मनात हे! पण होतं. आणि तो त्या सुजलेल्या, वाकड्या बोटांनी बसला, कळवळला, दोनदा कंट्रोलर खाली ठेवून हात झटकला — आणि मला हरवलं. बेडूक आखाड्यात एकटा नाचत राहिला. कल्पेशच्या डोळ्यांत पाणी आलेलं. आनंदाचं. माझं डोकं मात्र सणकलं होतं. जखमी हातानेसुद्धा? मग मी नक्की काय करायचं?

त्याचा कंट्रोलर ठरलेला असायचा, निळा. तो गेल्यावर मी दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि कंट्रोलर उघडला. बटणाखाली रबराची टिकली असते, ती दबली की सर्किट जुळतं. एका टिकलीवर मी सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवला. अर्ध्या भागावर फक्त. बटण कधी चालायचं, कधी नाही. ते होतं निसटायचं बटण — हल्ला आला की बाजूला उडी मारायची, ते. पुढच्या बाजूला असतं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबतात.

पुढच्या सुट्टीला मी जिंकलो. त्याच्या पुढच्याही. कल्पेश आधी हसला. मग वेफर्सचं पाकीट बाजूला ठेवून, सरसावून खेळायला लागला. मग हसायचा थांबला. डाव संपला की बोट तोंडासमोर धरून बघत बसायचा, जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे.

"मी दाबतोय रे," तो म्हणायचा. "पन ते ऐकत नाय."

"होईल हळूहळू," मी म्हणायचो.

जिंकून मला काय मिळालं? काहीच नाही. बेडूक जागच्या जागी उभा राहून मार खायचा, आणि माझा जीव आणखीच चिडायचा — त्याच्यावर, गेमवर, माझ्यावर. तरी टेप तशीच राहिली. का? आज काढली तर तो उद्या परत हरवेल, म्हणून. इतकं साधं.

लग्नांचा हंगाम तोंडावर आला. पार्टीवाले कल्पेशला विचारत होते, येतोस की दुसरा बघू? घरी त्याने एकदा बेंजो मांडीवर घेतला होता म्हणे. दोन सूर चुकले, ठेवून दिला. इतके महिने वाजवलं नव्हतं, कोणाचेही चुकले असते. पण त्याच्या बोटाचा निकाल माझ्या घरी आधीच लागला होता. त्याने पार्टीवाल्यांना नकार कळवला आणि बेंजो शिरगावच्या मावसभावाला देऊन टाकायचं ठरवलं.

बाइकवर बेंजो धरायला कोणीतरी हवं होतं. त्याने मला बोलावलं. मी मागे बसलो, बेंजो कापडात गुंडाळून पोटाशी धरला. संपूर्ण रस्ता त्याची पाठ माझ्यासमोर होती. तेवढ्यात सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी रस्त्यातले खड्डे तेवढे सांगत राहिलो.

घरी आल्यावर टेप काढून टाकली. वाटलं, आता तो येईल, जिंकेल, त्याचं त्यालाच कळेल. मला काही बोलावं लागणार नाही.

तो आला. जिंकला. पहिल्यासारखाच, सरळ, आरामात. मग कंट्रोलर खाली ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मुद्दाम हरलास ना?"

"नाही रे."

"बेंजो दिला म्हनून दया करतो माझ्यावर? मला नको हाय असली दया."

तो उठून गेला. मी अडवलं नाही. त्यानंतर आम्ही तो गेम कधी लावला नाही. राग त्याने ठेवला नाही, तो तसा माणूसच नाही. उलट नंतर स्वतःच माफी मागून गेला, "तू माझ्या भल्यासाठीच केलं" असं म्हणून. ती माफी मी घेतली.

अजून एक राहिलंय. तेच सांगायला इतका वेळ घेतला. कंट्रोलरला बटणं बरीच असतात. कुठल्याही एकाखाली टेप लावून मी जिंकलो असतो. मग तेच का? कारण बाकीचं कुठलं अडकलं असतं तर कल्पेश म्हणाला असता, कंट्रोलर बिघडलाय, बघ जरा. त्या बटणाला तो असं म्हणणार नव्हता. तो स्वतःच्या बोटाला दोष देणार होता. हे मला नंतर सुचलेलं नाही. स्क्रूड्रायव्हर हातात होता तेव्हाच कळत होतं.

मध्यंतरी उमरोळीला कल्पेशच्या घरात हळद होती. मावसभाऊ बेंजो वाजवत होता, बरा वाजवतो. कल्पेश सगळ्यांच्या पुढे नाचत होता. त्याच्या आईने माझ्या बायकोला जवळ बसवून घेतलं.

"तुझा नवरा माझ्या पोराला बरं वाटावं म्हनून मुद्दाम हरला," काकी म्हणाल्या. "असा मित्र नाय मिलत कोनाला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या कौतुकाने तिने कधी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली. काकींना तो संकोच वाटला, त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

कल्पेशचं बोट बरं झालं होतं. तो हरत होता त्या सगळ्या दिवसांतही ते बरं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.