मुदत संपत आलेल्या गोळ्या

माझ्या स्वयंपाकाला बाबा रोज नावं ठेवायचे. पोळी हातात धरून "हा कुठल्या देशाचा नकाशा?" विचारणारा हा माणूस त्या दिवशी मऊ भाताचे दोन घास खाऊन म्हणाला, "छान झालाय हो," आणि ताट सरकवलं. मी लगेच त्यांच्या कपाळाला हात लावला.

आठवडाभर त्यांचा ताप येत-जात होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी साधी पॅरासिटामॉल दिली होती. मी विचारलं, "बाबा, आणखी काही घेताय का?"

"घेत नाही, संपवतोय."

झालं होतं असं. आयटीतला माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला की सर्दीतापाच्या गोळ्यांची पिशवी इथेच टाकून जायचा. त्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती, आणि वस्तू वाया घालवणं बाबांच्या लेखी महापाप. ताप आलाच आहे, तर उरकून टाकू! डॉक्टरांच्या गोळ्या पांढऱ्या, या लाल, म्हणजे औषधं वेगळी. अहो, पण दोन्हींत पॅरासिटामॉलच, म्हणजे आठवडाभर दुप्पट मात्रा! खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी काढली, अंगावर ओरखडा नाही, आणि आता हे. इतका राग आला होता मला!

मी कर्वेनगरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हॉस्पिटलकडे जाताना रिक्षात धीर सुटू नये म्हणून मी बाबांनाच धडा शिकवायला घेतला. "या औषधाचा थोडा भाग यकृताच्या पेशीत विषारी होतो. आगंतुक पाहुणे समजा. पेशी एकेकाला पोळी वाढून वाटेला लावते. पण पाहुणे वाढत गेले आणि पोळ्या संपल्या, की ते घरच खायला लागतात. पेशीची चूल विझते, मग पेशीच मरते."

"मग पोळ्या जास्त लाटायच्या," ते डोळे मिटूनच पुटपुटले.

हॉस्पिटलात सलाइनमधून उतारा सुरू केला. तो नेमकं हेच करतो, पेशीला पोळ्यांसाठी पीठ पुरवतो. डॉक्टर म्हणाले, यकृताला बराच मार बसलाय, आता वाट बघायची. पुरेशा पेशी वाचल्या असतील, तर त्या नव्या पेशी तयार करतील. हे वाक्य मी वर्गात फळ्याकडे तोंड करून किती सहज म्हणत आले होते! बाहेरच्या बाकावर बसून मी नुसती हात चोळत होते. बाबा जेवत नव्हते, आणि कुणालाही टोमणा मारत नव्हते.

मग एका दुपारी घरून पातळ खिचडी नेली. बाबांनी चमचाभर तोंडात घातली, थांबले, माझ्याकडे रोखून बघितलं.

"मीठ घालायचं राहिलं, की त्याचीही मुदत संपली?"

मी एवढ्या मोठ्याने रडले, की नर्स धावत आली. बाबा पार गोंधळले.

"अगं, रडतेस काय? संपवतो, संपवतो!" म्हणाले, आणि ती अळणी खिचडी त्यांनी चाटूनपुसून संपवली.