अणूचा पाठ आणि डावा हात

बी.एड.चा वार्षिक पाठ म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा फैसला एका तासात. आपण आठवीच्या वर्गाला शिकवायचं आणि बाहेरून आलेले परीक्षक आपली टाचणवही मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसणार. मागच्या वर्षी याच पाठात माझी दातखीळ बसली आणि मी नापास झाले. यंदाही तसंच झालं असतं तर बिडकीनच्या शाळेतली ठरलेली नोकरी हातची गेली असती. पाठ होता त्या उस्मानपुऱ्यातल्या शाळेचा जिना मी कठडा धरून चढले. खोटं कशाला सांगू, देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

विषय होता अणूची प्रारूपं. आदल्या दिवशी मी वर्गाची तालीम घेऊन ठेवली होती. आम्ही सगळेच घ्यायचो, त्यात कुणाला लाज वाटत नसे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. परीक्षकांना हातच हात दिसतात आणि आपण बेतानं उजवा निवडतो.

सुरुवात बरी झाली. अणू म्हणजे भरीव गोळी, हे पहिलं प्रारूप. मग टेबलावर कलिंगड कापलं. लाल गर म्हणजे धनप्रभार, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. मुलांचे डोळे कलिंगडावर, माझे परीक्षकांच्या पेनावर. पुढे तेही चुकीचं ठरलं, मधोमध एवढंसं केंद्रक निघालं आणि इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती फिरायला लागले. इथं परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"या प्रारूपात अडचण काय होती?" मी विचारलं. झाडून सगळे हात वर. आपल्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे तालमीत मला पक्कं ठाऊक होतं. भीतीनं नेमकं तेच विसरले आणि तिसऱ्या बाकावरच्या, डावा हात वर केलेल्या मुलीला उठवलं.

ती गोंधळून उठली. मग म्हणाली, "मॅडम, मला नाय येत. पण त्ये फिरून फिरून मधी पडत कसं नायत?"

संपलं सगळं, असंच वाटलं. तिनं विचारली तीच ती अडचण होती, हे कळायलाही मला एक क्षण लागला. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात पडायला हवा, आणि तो पडत नाही. म्हणून पुढच्या शास्त्रज्ञांनी ठरावीक कक्षा मांडल्या, त्यांच्याही पुढच्यांनी त्या पुसून इलेक्ट्रॉनचा ढग काढला. मी सांगत गेले. खडू दोनदा मोडला.

तास संपल्यावर परीक्षक म्हणाले, "तो प्रश्न तुमच्या टाचणात नव्हता. तेवढाच पाठ खरा झाला." त्यांनी पास असा शेरा लिहून सही केली आणि ते गेले.

फळा पुसत होते तर ती मुलगी दाराशी उभी, डोळे भरलेले. "मॅडम, तुम्ही मला चुकून उठवलं ना? म्या गप बसाया पायजे होतं का?"

परीक्षकांची वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा माझीच वाटली. येत नसेल त्यानं गप्प राहायचं, हे एका तालमीत मीच हिला शिकवलं होतं.

"नाही गं," म्हणाले आणि तिचा डावा हात हातात घेतला. तो माझ्या हातासारखाच गार पडला होता.