समारियमचा शेवटचा तुकडा

काकांच्या खलाला हात लावायची आमच्या प्रयोगशाळेत कोणाची टाप नव्हती. अकीक या कठीण दगडाचा तो तळहाताएवढा खल ते स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे आणि पेटीत ठेवून कुलूप लावायचे. मी एकदा नुसता उचलून बघितला, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

एकतीस वर्षं हा माणूस दुर्मिळ धातूंची ऑक्साइडं टायटॅनियमच्या ऑक्साइडबरोबर घोटत आला. घोटायचं, गोळी दाबायची, भट्टीत भाजायची. त्यातून निघायचा एक काळा, कुरूप तुकडा. तो मोजायचं यंत्र माझ्याकडे. या तुकड्यांची गंमत अशी, की लँथानम घातलं तर आतले टायटॅनियमचे अणू भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे उलट दिशांना तोंडं करून बसतात. एकाची ओढ दुसरा खोडून काढतो, बाहेर चुंबकपणा जवळजवळ दिसतच नाही. इट्रियम घातलं, की त्याचा अणू लहान, त्यामुळे आतली रचना जास्त वाकते आणि सगळे एकाच दिशेला वळतात. तुकडा चुंबक होतो. अर्थात हे सगळं कडाक्याच्या थंडीत. समारियम या दोघांच्या सीमेला खेटून, पण भांडखोरांच्या बाजूला.

काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांचा शेवटचा तुकडा समारियमचा होता, आणि माझ्या यंत्रावर तो चक्क चुंबक निघाला.

आमच्या प्रमुख मॅडम हरखून गेल्या. सीमाच सरकली म्हणजे! तीन आठवड्यांनी परिषदेत हेच सांगायचं ठरलं. मीही भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू?

काकांनी आलेख डोळ्यांजवळ धरून पाहिला. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळंच जवळ धरावं लागायचं.

"गरम करून मोजलंस?"

"गरज काय काका? थंडीतच तर—"

"मोज."

मोजलं. खोलीच्या तापमानालाही ओढ होतीच. समारियमचा तुकडा एवढ्या उबेत चुंबक राहूच शकत नाही. हे लोखंड होतं, कुठूनतरी आलेलं.

काकांनी त्याच तुकड्यासाठी खलात घोटलेली, बाटलीत उरलेली चिमूटभर पूड कागदावर घेतली आणि खालून जोरकस चुंबक फिरवला. एक कण हलला नाही. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काय झालं ते मला कळलं होतं. त्यांची पूड स्वच्छ होती, म्हणजे लोखंड माझ्या टेबलावर लागलं. प्लास्टिकचा चिमटा मोडला म्हणून मी तुकडा स्टीलच्या पात्याने खरवडून बसवला होता. पहिल्या दिवशी शिकवतात, हे करायचं नाही म्हणून.

लोखंडाचं कळल्यावर बैठकीत मॅडम चिडल्याच. "काका, एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. नजर कमी झाली म्हणून खलात काही गेलं का?"

ही माझी वेळ होती. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"आधी नवा तुकडा करतो," काका म्हणाले. "पहिल्यापासून. मग कुणाचं काय चुकलं ते बोलू."

"अहो, दिवस किती राहिलेत तुमचे?"

"अकरा. पुरेत."

डोळ्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. ते त्यांनी पुढे ढकललं. काकूंचा फोन आला तेव्हा एवढंच म्हणाले, "डोळा कुठे पळून जात नाही, गं." ऑक्साइड आधी भाजून कोरडं केलं, कारण ते हवेतली ओल पितं आणि वजन फसवं येतं. तराजूचे आकडे ते भिंग लावून तीन-तीनदा वाचायचे. भट्टीत हवा शिरली तर टायटॅनियम जादा ऑक्सिजन ओढतं आणि सगळं मुसळ केरात, म्हणून नळीचा प्रत्येक सांधा बोटांनी चाचपायचे. दोनदा गोळी तडकली. दोन्ही वेळा खल धुऊन पुन्हा सुरुवात. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि तेच मला टोचत राहिलं.

अकराव्या दिवशी मी तुकडा बसवला, नव्या प्लास्टिकच्या चिमट्याने. उबेत ओढ नाही. थंडीत, जिथे हवं तिथेच, रेषेला नेमकं वळण. समारियम आपल्या जागी होतं. सीमा तसूभरही सरकली नव्हती.

मॅडमनी आलेख ठेवला आणि उसासा टाकला. "म्हणजे मागच्या वेळी खलातच—"

"नाही," मी म्हणाले. "खलात काही नव्हतं. मी स्टीलचं पातं वापरलं होतं. बैठकीतही मला माहीत होतं."

मॅडम मला नंतर बरंच बोलल्या, आणि ते योग्यच होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना, काका?"

"चुंबक फिरवला तेव्हाच."

"मग माझं नाव का नाही घेतलंत? तुमचं नाव जात होतं!"

"तुकडा नीट झाला की नाव आपोआप परत येणार होतं. तुझं मात्र तुलाच आणायचं होतं."

मग त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खल धुवायचाय. आजपासून तू धू."

मी नळाखाली उभी राहून अर्धा तास तो एवढासा खल धूत होते. काका मागे स्टुलावर बसून, डोळे बारीक करून, माझ्या हातांकडे बघत होते.