सहाव्या गाण्यातला उशिरा पडलेला ठोका

ऋतुराजने माझ्या वडिलांचं मत चोरलं. अलकापुरीतल्या स्वतःच्या घरात, रविवारी दुपारी, चौदा माणसांच्या देखत. मी त्याच खोलीत होते. जमिनीवर, स्पीकरला टेकून.

माझी खुर्ची ठरली होती. हे आधीच लिहून ठेवते.

निजामपुऱ्यात माझं जुन्या स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान आहे. माझं एकटीचं. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात हातोडा मारायचे, आम्ही प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. लोकांनी टाकून दिलेले बॉक्स उचलून, त्यांना नवे कोन, म्हणजे आतले कागदी पडदे, बसवून मी हे दुकान उभं केलं. गिऱ्हाईक दारातून आत येताना आधी कुठल्या बॉक्सकडे बघतं, त्यावर मी भाव ठरवते. सौद्यात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. तोंडाची तिखट आहे, तेही खरं. एकदा एक जण म्हणाला, "किसी जेन्ट्स को बुलाओ." त्याचा दुरुस्त झालेला अ‍ॅम्प्लिफायर मी त्याच्यासमोर परत खोलला आणि स्क्रूसकट त्याच्या पिशवीत भरला.

मेटल, म्हणजे ते कर्कश गिटारींचं विलायती संगीत, मी ऐकायला लागले ती धंद्यापायी. फाटका कोन भजनात लपतो, गरब्यातही लपतो. मेटल लावलं की दोन मिनिटांत बोंबलतो. एका बंद पडलेल्या दुकानाचा माल उचलला होता, त्यात एक कॅसेट निघाली. स्पीकर तपासायला ती लावायची. पुढे पुढे स्पीकर चांगला निघाला तरी बंद करवेना. पॉवर मेटल म्हणतात त्याला. शिवणयंत्रासारखे पळणारे ड्रम, वर वर चढत जाणारा गळा, राजे, तलवारी, बर्फाचे डोंगर, आणि कोरस असा की दुसऱ्या खेपेला आपणच गायला लागतो. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं. त्या गाण्यांनीच थोडंफार शिकवलं.

बाबांना ऐकू येत नाही. वर्कशॉपात सगळे कानात कापूस घालायचे, बाबा काढून टाकायचे. म्हणायचे, कापूस घातला तर हातोडा कुणाचा ते कळत नाही. हा गणपतचा, हा रहीमचा, हा डावखुऱ्या सोमाचा. सोमाचा ठोका केसभर उशिरा पडायचा, पण पडला की लोखंड ऐकायचं. सगळे हातोडे ओळखता ओळखता बाबांचे कान गेले. मग ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागले आणि उजवा तळवा बॉक्सवर ठेवून ऐकायला लागले. तळवा काढून म्हणायचे, "हा पोकळ बोलतोय, घेऊ नको." मी घेत नसे. त्यांचा तळवा कधी चुकला नाही.

ऋतुराज माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आला. तिशीचा. मराठीच. पणजोबा संस्थानच्या फौजेत, घरात भिंतीवर खरी तलवार. त्याचा मेटल ऐकणाऱ्यांचा ग्रुप होता. नवा अल्बम आला की सगळे त्याच्या हॉलमध्ये जमायचे, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत न बोलता ऐकायचे, मग प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. ऋतुराज एकेक चिठ्ठी वाचणार, बाकीच्यांनी ओळखायचं कुणाची. युरोपातल्या एका बँडचा नवा अल्बम आला होता, त्याच्या बैठकीसाठी त्याला माझी मोठी जोडी हवी होती. बँडचं नाव इथे लिहीत नाही. त्यांचा यात काही दोष नाही.

"भाडं किती, ताई?"

"भाडं नको. खुर्ची."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पण बसणार. ऐकणार. चिठ्ठी लिहिणार."

हसला. "अहो ताई, त्यात काय. डन."

उभ्या जन्मात मी कुणाला वायरचा तुकडा फुकट दिलेला नाही. स्पीकर दिले. वीस वर्षं मी हे संगीत एकटीने ऐकत होते. बँकेतल्या बाईशी बोलू? शेजारणीशी? मला एकदा कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, की हा अल्बम तुला कसा वाटला. एवढंच. सौद्यात आपल्याला काय हवंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. त्या दिवशी दिसलं असणार.

बैठकीच्या आठवडाभर आधी मी अल्बम दुकानात लावला. बाबांनी तळवा ठेवला. पाच गाणी झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणाले, "माणूस नाही यात. सगळे ठोके एका वजनाचे. मशीन मारतंय." सहाव्या गाण्याच्या शेवटी त्यांनी एकदम दुसरा हातही बॉक्सवर ठेवला. "परत लाव." परत लावलं. "सोमा आला," बाबा म्हणाले. शेवटून तिसरा ठोका केसभर उशिरा पडत होता. मी चाळीस वेळा ऐकला तेव्हा मला कळला. बाबांना पहिल्यांदा.

रविवारी ऋतुराजने गाडी पाठवली नाही, स्वतः आला. वाटेत सगळं मराठीत. ताई हे, ताई ते. घरात शिरलो आणि तो गुजरातीवर गेला. हॉलमध्ये चौदा खुर्च्या, चौदा माणसं. मी जोडणी केली आणि उभी राहिले.

"तमे स्पीकर पासे ज बेसो ने, बेन," ऋतुराज म्हणाला. "वायर-बायर नीकळे तो?"

खुर्ची उरलीच नव्हती, स्पीकरपाशी जमिनीवर बसले. एका मुलीने विचारलं, "बेन, तमारी अटक शुं?" आडनाव सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली आणि पाय थोडे आखडून घेतले. तो "अच्छा" मला शाळेपासून ओळखीचा आहे.

अल्बम झाला. चिठ्ठ्या झाल्या. ऋतुराज वाचायला लागला. कोरस जबरदस्त, अंगावर काटा आला. पहिल्या दोन अल्बमची सर नाही. कीबोर्डने गिटार खाल्ली. चौथं संथ गाणं कशाला घातलं, झोप आली. गायकाचा गळा आता चढत नाही, दहापैकी सहा. प्रत्येक चिठ्ठीला हसणं, ओरडणं, "आ तो पक्कुं तारी ज!" मग माझी आली. मोडकंतोडकं इंग्रजी, पार्सलवर पत्ता घालते तशी मोठी अक्षरं. मी लिहिलं होतं: 'ड्रम फार स्वच्छ. सगळे ठोके सारखे, त्यात माणूस नाही. फक्त सहाव्या गाण्यात शेवटून तिसरा ठोका उशिरा पडतो. वर्कशॉपात डावखुरा सोमा असा मारायचा. तो एक ठोका खरा आहे. त्या एकासाठी मी अल्बम ठेवीन.'

कुणीतरी सहावं गाणं परत लावलं. शेवट आला. ठोका पडला. दोघं-तिघं खुर्चीतून उठलेच.

"कोनी छे आ? ऋतुराज, तारी?"

त्याने कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. अक्षर त्याला माहीत होतं, माझ्या पावत्या होत्या त्याच्याकडे. हसून म्हणाला, "गेस करो."

मी उठले. "मारी छे."

आखडलेल्या पायांची मुलगी म्हणाली, "तमने आ बधुं समजाय छे, बेन?" विचारलं तसं वाईट भावनेने नाही. कुत्र्याने नमस्कार केला तर माणूस जसा खूश होतो, तशी.

आणि ऋतुराज म्हणाला, "अरे, ए तो आपणां स्पीकरवाळां बेन छे. मजाक करे छे."

हशा झाला. बाकीच्या चिठ्ठ्या डब्यात गेल्या. माझी त्याने घडी करून खिशात घातली.

पुढचं लिहायला जड जातं. रस्त्यावर रिक्षावाल्याशी भांडणारी बाई मी, खाली बसले आणि वायरी गुंडाळल्या. मनात आलं, आज गप्प बसले तर पुढच्या वेळी खुर्ची मिळेल. एवढी लाचारी माझ्यात कुठून आली? अजून विचारते स्वतःला.

बारा दिवसांनी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तो हात उचलून बॉक्सवर ठेवला तरी त्यांना काही कळत नाही, आणि डाव्या तळव्याला ती ओळख नाही. ते तळव्याकडे बघत राहतात, बंद पडलेल्या मशीनकडे बघावं तसं. सहाव्या गाण्यातला ठोका हे त्यांनी ओळखलेलं शेवटचं.

महिन्याभराने ऋतुराजचा व्हिडिओ आला. हिंदीत, खाली हिंदी आणि इंग्रजी अक्षरं. मागे भिंतीवर पणजोबांची तलवार. माझी चिठ्ठी शब्दाला शब्द. आणि पुढे: "मैं रेलवे वर्कशॉप के शहर में बड़ा हुआ हूँ। हथौड़ों की आवाज़ मेरे खून में है। हमारे एक सोमा काका थे..." व्हिडिओखाली त्या बँडच्या ड्रमरने स्वतः लिहिलं होतं. बाकी सगळं मशीनवर सरळ करून घेतलं, त्या एका ठोक्याला हात लावला नाही. तो ऐकणारे तुम्ही पहिले. धन्यवाद, ऋतुराज.

म्हणजे बाबा बरोबर होते. आणि शाबासकी गेली अलकापुरीत.

मी त्याच्या घरी गेले. दारातच उभा राहिला.

"माझी चिठ्ठी दे."

"चिठ्ठीवर नाव नसतं ना, ताई. नियम आहे आपला. मत सगळ्या ग्रुपचं."

"मग व्हिडिओत तोंड तुझं कशाला? आणि सोमा तुझा काका कधी झाला?"

त्याने गिऱ्हाईकाचा आवाज लावला. "बरं, असं करू. ती मोठी जोडी मी विकत घेतो. तुम्ही म्हणाल तो भाव. किती?"

किती. याच शब्दावर माझं घर चालतं. हा शब्द ऐकला की माझं डोकं आपोआप आकडा काढतं. त्या दिवशीही निघाला, खोटं कशाला बोलू. जिभेवर आला. आणि मला माझीच किळस आली. मी भाव सांगितला असता तर बाबांचे कान, सोमाचा हात, सगळं रीतसर त्याचं झालं असतं. पावतीसकट.

"विकायचे नाहीत."

"ताई, हट्ट करू नका."

"ताई म्हणू नकोस. गाडीत ताई, हॉलमध्ये बेन. तुझ्या दोन्ही तोंडांशी मला बोलायचं नाही."

त्याने दार लावून घेतलं.

मी चूक केली ती इथे सांगते. खुर्ची त्याच्याकडे मागितली, जशी ऐकायची परवानगी त्याच्या घरची होती. माझा बाप स्टुलावर बसून त्या चौदा जणांपेक्षा जास्त ऐकत होता आणि मी त्यांच्या पायांशी जागा मागायला गेले. आता कुणाकडे मागणार नाही. अल्बमवर जे बोलायचं ते माझ्या दुकानातून, माझ्या नावाने, मराठीत बोलेन. ज्याला समजून घ्यायचं तो घेईल.

पण हिशेब इथे मिटत नाही. परवा बाबांनी तो व्हिडिओ पाहिला. माझा फोन उघडा राहिला होता. डाव्या हाताने तो धरून ते अक्षरं वाचत होते. 'सोमा काका' वाचलं आणि त्यांचं अर्धं तोंड हललं. महिन्यात पहिल्यांदा हसले. मोठ्या कष्टाने शब्द जुळवून मला म्हणाले, "हा सोमाचा कोण? वर्कशॉपात कुठल्या शॉपला होता? बोलव त्याला."

मी काय सांगू? अजून काही सांगितलेलं नाही. रोज विचारतात. काल त्यांनी स्वतःच्या पलंगाशेजारी खुर्ची लावायला लावली.

तर ऋतुराज, तुझ्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे. बारा दिवस रोज तुझ्या दारावर येईन, तेराव्या दिवशी तुझ्या बैठकीत येईन, चौदा माणसांच्या देखत हेच विचारीन. त्यापेक्षा तू ये. माझ्या बापासमोर बस. त्याला ऐकू येत नाही, म्हणून नीट तोंड हलवून, त्याच्या डोळ्यांत बघून सांग: सोमा तुझा कोण?